गराडूचं ऊन जूनमध्ये पाहू नका

गराडू म्हणजे इंदूरकडे थंडीत तळून खातात तो कंद. त्याची वेल सावलीतही झरझर चढते, पानं हातभर दिसतात, आणि थंडीत खणायला गेलं की खाली बोटाएवढं काहीतरी निघतं. इंदूरमध्ये घरामागच्या परसात हे फार होतं. कारण साधं आहे: लावणी पावसाच्या तोंडावर, आणि जागाही त्याच दिवसांतलं ऊन बघून ठरवलेली.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला. त्यामुळे जूनअखेर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतीला सावलीच उरत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे जेमतेम ४४ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेची भिंत जेवढी उंच, जवळपास तेवढीच लांब तिची सावली. ऑक्टोबरच्या मध्यावर ती उंचीच्या ०.६ पट असते. आणि गराडूचा कंद जोमानं भरतो तो दिवस लहान व्हायला लागल्यावरच. ऐन भरणीच्या वेळी वाफा अंधारात.

म्हणून मी आधी भिंत मोजते, मग कुदळ घेते. दक्षिणेला दहा फुटी भिंत असेल, तर तिच्यापासून बारा फूट सोडून आळं. सोडलेल्या पट्टीत सुरण आणि हळद लावते, त्यांना निम्मी सावली चालते. सुरण तर आंब्याखालीही येतो. पण दिवसभर कवडसाही पडत नसेल, तर दांडा उंच, फिका होऊन कोलमडतो. उलट उघड्या रानात पाऊस उघडल्यावरच्या कडक उन्हात त्याच्या पानांच्या कडा करपतात. रताळं त्या पट्टीत अजिबात नको, नुसता पाला मिळेल.

आळं दीड फूट लांब, रुंद आणि खोल. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून शेणखत भरपूर घालून वर उंचवटा करायचा, नाहीतर पावसात बेणं कुजतं. बेण्याचे तुकडे २०० ते २५० ग्रॅमचे, प्रत्येकाला साल हवीच, कारण कोंब सालीकडून फुटतो. कापलेल्या बाजूला राख लावून दोन दिवस सावलीत सुकवायचं आणि दोन-तीन इंच खोल पुरायचं. वर सुक्या पाल्याचा चांगला जाड थर. पानाला ऊन पाहिजे, मुळाला गारवा. मे-जूनच्या तापलेल्या मातीत कोंब भाजतो.

वेलीला सात-आठ फुटांवर दोरी बांधा आणि ती पसरू द्या. एकावर एक गुंता झाला की आतली पानं उन्हावाचून राहतात, शिवाय पावसात ओलीच राहतात आणि त्यांच्यावर काळे डाग पडून करपा पसरतो.

पाला भरपूर आणि कंद नाही, हे जास्त नत्रामुळेही होतं. फरक पानात कळतो. सावलीतल्या वेलीची पेरं लांब, दांडी बारीक, पान मोठं पण पातळ. युरियावर वाढलेल्या वेलीचं पान गडद हिरवं आणि जाड असतं. पहिल्यावर उपाय सावली धरणाऱ्या झाडाच्या फांद्या छाटणं. दुसऱ्याला खत थांबवायचं. दोन्हीकडे आणखी खत घालणारेच जास्त भेटतात!

बटाट्याचं गणित वेगळं. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, म्हणजे आखूड सावलीचे दिवस त्याच्या वाट्याला येतच नाहीत. त्याला सगळ्यांत मोकळी जागा द्या. आणि त्याचा खरा धोका उन्हाचाच, पण जमिनीखाली. काळी माती वाळली की भेगा पडतात, भेगेतून उजेड पोचतो आणि बटाटा हिरवा पडून कडू होतो. त्या हिरव्या भागात सोलॅनिन असतं, शिजवून ते जात नाही. म्हणून भर नीट लावा, भेग दिसली की बुजवा.

गराडू वेल हिरवी असताना खणू नये. पानं पिवळी पडून गळायला लागली की कंद भरला. बाजूनं खणत जा, वरून कुदळ मारली तर हमखास तुटतो. काढल्यावर धुवायचा नाही, माती झटकून हवेशीर सावलीत पसरायचा. रात्री मात्र गच्चीवर नको: पारा १२ अंशांखाली गेला की कंद आतून तपकिरी होतो, तळताना काळे चट्टे दिसतात, आणि वर कितीही जीरावण मसाला भुरभुरला तरी चव येत नाही.