वाटेपुरतंच : आमची वाटचाल

सुरुवातीला आमच्याकडे भाड्याने आणलेलं ड्रम सँडर, म्हणजे लाकडी जमीन घासायचं फिरत्या ड्रमचं यंत्र, कडेला फिरवायचं एक छोटं यंत्र आणि दोन माणसं, एवढंच होतं. माझा भागीदार जातिवंत सुतार. मी पॉलिश आणि हिशेब सांभाळायचो. जुन्या लाकडी जमिनीचं काम मिळालं की सगळी जमीन घासून काढायची आणि वर चकचकीत पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या कडक थराच्या पॉलिशचे, तीन हात द्यायचे, ही आमची पद्धत. फरक लगेच दिसायचा, म्हणून कामंही मिळत गेली. त्या काळात किती चांगलं लाकूड भुशाच्या पोत्यांतून फेकून दिलं, ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

डोळे उघडले ते एका सागवानी दिवाणखान्यात. दारापासून खिडकीपर्यंतची पायवाट झिजून पांढुरकी पडली होती, बाकी जमीन शाबूत होती. घरातल्या आजी म्हणाल्या होत्या, "एवढी वाट नीट करून द्या." आम्ही मात्र सवयीने सगळंच घासायला घेतलं. वायर सोडवायला मी वळलो आणि फिरता ड्रम क्षणभर एकाच जागी टेकून राहिला. चार फळ्यांवर आडवी नाली पडली. ती घालवायची तर आजूबाजूचं लाकूडही तेवढंच खाली न्यावं लागतं. नेलं, तर खिळ्यांची डोकी उघडी पडली. खाच-जिभेची फळी, म्हणजे जिची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते ती, १९ मिलिमीटर जाड असली तरी घासायला मिळतं ते जिभेच्या वरचं, सहा-सात मिलिमीटरच लाकूड. एका पुऱ्या घासाईत त्यातलं पाऊण-एक मिलिमीटर जातं. आम्ही एका दुपारीत दोन घासायांचं लाकूड संपवलं होतं. आजी रागावल्या नाहीत. "मी वाटेचंच म्हटलं होतं," इतकंच बोलल्या. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत, आणि तेव्हापासून झिजलेल्या भागापुरतं काम शिकायचं ठरवलं.

ते जास्त अवघड निघालं. सगळी जमीन घासली तर जोड कुठे दिसायचा प्रश्नच नसतो. पहिल्या प्रयत्नात आम्ही झिजलेल्या जागेभोवती चौकोन आखला, आतलं घासलं, पॉलिश केलं. खोलीत शिरताच नजर थेट त्या ठिगळावर जायची. मग भागीदाराने नियम घातला: काम फळीच्या कडेलाच थांबेल, मधोमध कधीच नाही. लांबीच्या दिशेनेही फळी जिथे संपते तिथपर्यंत जायचं. फळ्यांची टोकं मागेपुढे असतात, त्यामुळे कामाची हद्द दातेरी होते आणि डोळा तिथे अडत नाही. शेजारच्या फळीवर चिकटपट्टी लावायची, घासायचा कागद (सँडपेपर) लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवायचा, आणि जाडापासून बारीकपर्यंत ६०, ८०, १२० नंबर असा क्रम धरायचा, मधला नंबर गाळायचा नाही. गाळला तर जाड कागदाचे ओरखडे पॉलिशखाली चमकतात.

पण खरा अभ्यास घासण्याआधीचा. आता कोणत्याही घरात गेलो की मी आधी कपाटामागच्या कोपऱ्यात बसतो. कापसावर स्पिरिट घेऊन घासतो. थर चिकट झाला, सुटू लागला, तर ते लाखेचं पॉलिश. नखाखाली मऊ पापुद्रा आला तर मेण. दोन्ही नसलं तर बहुधा व्हार्निश किंवा पीयू. मेणाचा अंशही राहिला तर वरचा पीयू धरत नाही. लाखेवर माझा विशेष जीव आहे: तिचा नवा हात जुन्या थराला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, त्यामुळे जोड जवळजवळ पुसला जातो. वाळलेल्या पीयूचं तसं नसतं. नवा थर जुन्यावर फक्त बारीक ओरखड्यांच्या आधाराने बसतो.

म्हणून आम्ही लोकांना सांगतो, वाट पांढरी पडेपर्यंत थांबू नका. पीयूच्या जमिनीवर पाण्याचा थेंब टाका. तो गोल उभा राहिला तर थर अजून जिवंत आहे. बारीक कागदाचा हलका हात आणि पीयूचा एक नवा थर पुरतो, लाकडाला धक्का लागत नाही. थेंब मुरून लाकूड काळपट झालं, तर मात्र थर संपला आहे.

रंगाचं आधीच बोलून घेतो. ताजं घासलेलं सागवान चट्टेपट्टे दाखवतं आणि उजेडात काही आठवड्यांनी सोनेरी तपकिरी होतं. पहिल्या दिवशीचा रंग पाहून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. तेलातला पीयू वर्षागणिक पिवळसर होतो, पाण्यातला फारसा होत नाही. जुन्या पिवळ्या जमिनीत पाण्यातल्या पीयूचं काम फिकं, वेगळं उठून दिसतं.

एका संध्याकाळी जवसाच्या तेलाच्या चिंध्या आमच्या हाताखालच्या मुलाने कोपऱ्यात ढीग करून ठेवल्या. तासाभराने हात लावला तर आतून गरम! हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती अडकून चिंध्या आपोआप पेटू शकतात. तेव्हापासून प्रत्येक कामावर झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि चिंधी लगेच आत.

आज आम्ही पाच जण आहोत. ड्रम सँडर वर्षातून क्वचित बाहेर निघतं. भागीदाराच्या हातात बहुतेक वेळा स्क्रॅपरच, म्हणजे हाताने खरवडायचं पातं, असतो. ज्या फळ्या घासून सुधारण्यापलीकडे गेल्या, त्यांच्या जागी आम्ही नवी फळी आणत नाही. त्याच घरातल्या जड कपाटाखालची फळी काढतो आणि दारात बसवतो. तिचं वय आणि लाकूड शेजारणीसारखंच असतं, त्यामुळे उजेडात रंगही लवकर जुळतो. नवी फळी जाते कपाटाखाली. बसवण्याआधी भागीदार तिच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि वर कुठलं पॉलिश दिलं ते लिहून ठेवतो.