फळीवरचे चेहरे

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेराव्याच्या आत एक काम हमखास निघते, ते म्हणजे भिंतीवर लावण्याजोगा फोटो शोधणे. सगळे अल्बम उपसून झाल्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला एक हसरा चेहरा पसंत पडतो, तो कापून मोठा केला जातो, आणि शेजारच्या बाईच्या शालूचा काठ मात्र फ्रेमच्या कोपऱ्यात कायमचा राहून जातो.

असा काठ दिसला की मला इजिप्तमधल्या फायूम भागातल्या फळ्या आठवतात. इजिप्तवर रोमची सत्ता असताना, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत, ममी गुंडाळताना चेहऱ्याच्या जागी त्या व्यक्तीचे पातळ लाकडी फळीवर रंगवलेले चित्र बसवत असत. कापडाच्या पट्ट्यांत ते नीट बसावे म्हणून फळी छाटावी लागे: त्याच भागातल्या हवारा गावी वरची बाजू गोलाकार, तर रुबयात गावी कोपरे तिरके. रंग पुष्कळदा मधमाशीच्या मेणात कालवलेले असत, त्यामुळे गालावरची तकाकी आणि डोळ्यांतला पांढरा ठिपका अजून ओला वाटतो. देवादिकांचे ठरीव मुखवटे पाहिल्यावर हे चेहरे फारच ओळखीचे वाटतात. एखादीच्या कानातल्या मोत्यांकडे पाहून तर ‘हे कुठून घेतले?’ असे विचारावेसे वाटते.

हवारा येथे १८८८ मध्ये उत्खनन करणाऱ्या फ्लिंडर्स पेट्री यांना काही ममींवर झिजेच्या आणि धक्के लागल्याच्या खुणा दिसल्या. त्यावरून या ममी लगेच पुरल्या जात नसाव्यात, काही काळ घरातच ठेवल्या जात असाव्यात, असा तर्क त्यांनी केला. तो सर्वांना मान्य नाही; मला मात्र पटावासा वाटतो.

त्यांच्याही कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पिएत्रो देल्ला व्हाल्ले या रोमच्या प्रवाशाने इजिप्तमधल्या सक्कारा येथून अशा दोन चित्रित ममी विकत घेतल्या. त्या आज ड्रेस्डेनमध्ये आहेत. पुढे इराणात त्याची तरुण पत्नी वारली. तिला तिथेच पुरणे त्याच्याने होईना. तिचा जतन केलेला देह सोबत घेऊनच तो १६२३ मध्ये गोव्याला आला, आणि तिचे दफन झाले ते रोमला परतल्यावरच.