एका पीसीत दोन पहारेकरी
आज समोर आलेला पीसी: ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि दोन-दोन अँटिव्हायरस. एकाची मुदत कधीच संपलेली. फाइल उघडली की दोघंही तपासायला धावतात. डिस्कवरचा ताण १०० टक्क्यांवर, माउस जागच्या जागी! नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, बरेचदा त्याचे ड्रायव्हर (विंडोजच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम) मागे उरतात. त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल चालवून रीस्टार्ट करायचं.

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस असतोच. घरच्या वापराला तो पुरतो, माझं तरी हेच मत. फक्त विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ स्वतः चालू करा, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) रोखण्यासाठी. अनोळखी प्रोग्रामला ते तुमच्या फोल्डरमध्ये बदल करू देत नाही. ते मुळात बंद असतं. मग एखादा जुना प्रोग्राम फाइल सेव्ह करताना अडतो, त्याला तिथेच परवानगी द्या.

विकतचं घेणारच असाल तर पहिल्या वर्षाची सवलत सोडा, नूतनीकरणाचा दर बघा.