एरर २

जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ७.४ (युनिक्स घराण्यातली एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकली आणि वाय-फाय बंद. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा सिस्टिममधला प्रोग्राम) नसणार, असं मी लगेच ठरवून टाकलं आणि दोन रात्री ड्रायव्हर शोधण्यात घालवल्या.

खरं तर डीमेसेगमध्ये (बूट होतानाच्या संदेशांच्या यादीत) वाय-फायचं कार्ड धडधडीत दिसत होतं: आयडब्ल्यूएम०, इंटेल एसी ७२६०. ज्या कार्डाला ड्रायव्हरच नाही त्याच्यापुढे 'नॉट कॉन्फिगर्ड' येतं. इथं तर आयडब्ल्यूएम या ड्रायव्हरनं त्याला ताब्यात घेतलं होतं. फक्त थोडं खाली एक ओळ होती, आयडब्ल्यूएम-७२६०-१७ हे फर्मवेअर वाचता आलं नाही, एरर २. या २ मध्ये मी काय काय वाचलं! कार्ड गेलं असेल, अँटेनाची वायर निसटली असेल. लॅपटॉप उघडूनही पाहिला (एक स्क्रू अजून सापडलेला नाही). युनिक्समध्ये २ म्हणजे 'अशी फाइल नाही', एवढंच. आयएफकॉन्फिग या नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये कार्डाच्या पत्त्याच्या जागी सगळी शून्यं होती, म्हणजे कार्ड सुरूच झालं नव्हतं, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

फर्मवेअर म्हणजे कार्डावरच्या प्रोसेसरचा प्रोग्राम. या कार्डात तो साठून राहत नाही, ड्रायव्हरला तो डिस्कवरून चढवावा लागतो. परवान्याच्या अटींमुळे ओपनबीएसडी तो मूळ सिस्टिमबरोबर देत नाही. पहिल्या बूटला एफडब्ल्यू_अपडेट ही कमांड तो नेटवरून आणते. आता नेट कुठून आणायचं? लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही. कपाटाची किल्ली कपाटातच.

दुसऱ्या मशीनवर फर्मवेअरची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवरून दिली, तर डिजिटल सही (फाइल खरी असल्याची खूण) जुळेना. घाईत मी स्नॅपशॉटच्या (अजून तयार होत असलेल्या आवृत्तीच्या) फोल्डरमधली फाइल उचलली होती, आणि प्रत्येक आवृत्तीची सहीची किल्ली वेगळी असते. ही कटकट मला त्या क्षणी असह्य वाटली, पण कुठलीही फाइल मुकाट्यानं कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) हाती न देणं बरोबरच आहे.

मग फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं. काहीच नाही. केबल नुसती चार्जिंगची निघाली! दुसरी लावल्याबरोबर यूआरएनडीआयएस० हा फोनचा नेटवर्क इंटरफेस उगवला, त्याला 'इनेट ऑटोकॉन्फ' (पत्ता आपोआप घे) दिलं, एफडब्ल्यू_अपडेट चालवलं आणि मिनिटभरात काम झालं. रीबूट केल्यावर शून्यांच्या जागी खरा पत्ता आला आणि स्कॅनमध्ये नेटवर्कांची रांग लागली.

शेवटी हॉस्टनेम.आयडब्ल्यूएम० या फाइलीत दोन ओळी: 'जॉइन'पुढे नेटवर्कचं नाव, 'डब्ल्यूपीएकी'पुढे पासवर्ड, आणि खाली 'इनेट ऑटोकॉन्फ'. पासवर्ड त्यात उघडा दिसतो, म्हणून परवानगी ६४० ठेवली, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून ती कुणाला वाचता येत नाही.

ती चार्जिंगची केबल मात्र गाठ मारून वेगळी ठेवली आहे.