'ब्रीदिंग प्रॉब्लेम' एवढंच लिहून भागत नाही

परगावच्या डॉक्टरांना पेशंटची हकिकत इंग्रजीत पाठवायची वेळ आली, की बरेच जण 'ब्रीदिंग प्रॉब्लेम सिन्स वन मंथ' एवढं लिहून मोकळे होतात. त्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. दम कशानं लागतो, ते आधी लिहा.

त्यासाठी एमएमआरसी नावाची 0 ते 4 अशी मोजपट्टी आहे. जोराच्या कष्टानंच दम लागला तर 0, सपाटीवर घाईनं चालताना किंवा थोड्या चढावर लागला तर 1. बरोबरीची माणसं पुढं जातात आणि आपण मागं पडतो, तर 2. शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर 3, कपडे बदलतानाही धाप लागली तर 4. आकडा जमला नाही तर सरळ लिहा: 'ही स्टॉप्स फॉर ब्रेथ आफ्टर हंड्रेड मीटर्स ऑन लेव्हल ग्राउंड.' जोतिबाच्या पायऱ्या चढवत नाहीत, हे इथं कोल्हापुरातल्या डॉक्टरांना कळेल. लंडनच्या डॉक्टरांना पायऱ्या किती, ते सांगावं लागेल.

'ब्रेथ' हे नाम. क्रियापद 'ब्रीद', त्याच्या शेवटी 'ई' लागतो. इथं चुकलं तरी अर्थ कळतो, पण 'सफोकेशन' म्हणजे गुदमरणं, दर वेळी तेच लिहिलं की घोळ होतो. छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर 'चेस्ट टाइटनेस', आडवं पडल्यावर दम लागत असेल तर 'ब्रेथलेस व्हेन लाइंग फ्लॅट'. उशा किती लागतात तेही लिहा. हृदयाच्या दुखण्याचा माग त्यातून लागतो.

छातीतला आवाजही नीट सांगा. श्वास सोडताना शिट्टीसारखा येतो तो 'व्हीझ'. श्वास घेताना कर्कश येतो तो 'स्ट्रायडर', म्हणजे वरच्या श्वासमार्गात अडथळा. तो अचानक सुरू झाला तर लिहीत बसू नका, गाडी काढा आणि कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

निदान झालेलं नसताना 'अस्थमा' लिहू नका. कामाची माहिती मात्र हात न आखडता द्या. शिरोलीच्या फाउंड्रीत असाल तर मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) की फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला), किती वर्षं. वाळूच्या धुळीत फुप्फुसाला बाधणारी सिलिका असते. गुऱ्हाळात चुलवाणापाशी जळण घालत असाल तर तेही, आणि गळीत हंगामात त्रास वाढतो का, हेही.

इनहेलर ओढत असाल तर नुसतं 'ब्लू पंप' लिहू नका, रंगावरून औषध ठरत नाही. डब्यावरचं नाव आणि ताकद उतरवा, उदाहरणार्थ 'साल्ब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅम', आणि दिवसात किती पफ लागतात ते पुढं लिहा.