पांढरी पाचच्या किंचित वर

फोन करणाऱ्या गृहस्थांच्या आईला महिनाभर रात्री घुमल्यासारखा आवाज येत होता. कानाच्या डॉक्टरांनी तपासून "वयानुसार होतं" म्हटलं होतं. सोसायटीतल्या कुणी मोबाइलवर मोजलं, तर आकडा 33 डेसिबल. निवासी भागात रात्री 45 डेसिबलपर्यंत चालतं, म्हणजे सगळं नियमात. तरी आजी रोज रात्री उशी उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला येत. माझं काम आवाज मोजण्याचं. बराचसा वेळ कारखान्यांत आणि जनरेटरच्या खोल्यांत जातो, एखाद्याच्या झोपायच्या खोलीत क्वचितच.

रात्री दहानंतर पोचलो. मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, "बघा, काही आहे का? मी रोज इथे येऊन ऐकतो." मलाही काही ऐकू आलं नाही.

आजींना विचारलं, "कानात बोटं घातली तर आवाज राहतो का?"

"नाही, जातो."

तिथेच माझे कान टवकारले. आवाज कानातच तयार होत असता, तर बोटं घालून गेला नसता. मग त्यांनी जे सांगितलं ते घरच्यांनी अनेकदा ऐकलं होतं आणि त्यावरूनच हा मनाचा खेळ आहे असं ठरवलं होतं. "उशीवर असतो. दारापाशी आले की नाही. मधे पंख्याखाली आले की पुन्हा असतो." शिवाय तो दिवाळीनंतर, पंखा बंद झाल्यावर सुरू झाला होता.

आजी भजनी मंडळात पेटी वाजवत. मी म्हटलं, तो स्वर दाखवता येईल? त्यांनी भाता ओढला, दोनतीन पट्ट्या चाचपल्या आणि पांढरी पाचवर थांबल्या. "ही. पण खालच्या सप्तकातली, आणि हिच्यापेक्षा केसभर चढी."

पेटी नीट लागलेली असेल, तर मधल्या सप्तकातली ती पट्टी 196 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 196 कंपनांची. केसभर चढी म्हणजे 200. एक सप्तक खाली आलं की निम्मं, 100. मीटर अजून पिशवीतून काढलाही नव्हता. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्यात ट्रान्सफॉर्मरचं लोखंड दोनदा किंचित ताणतं-आकसतं. म्हणून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण 100 हर्ट्झवर असते. पंचाहत्तरीच्या बाईंनी ती नुसत्या कानाने ओळखून दिली होती.

मीटर उशीशी धरला. नेहमीच्या पद्धतीने मोजलं तर तेच 33. पण ही पद्धत माणसाच्या कानाच्या अंगाने बेतलेली आहे, त्यामुळे खर्जातले आवाज ती बरेच कमी धरते. 100 हर्ट्झला तर 19 डेसिबल वजा होतात. तेवढाच पट्टा वेगळा काढून, काही वजा न करता पाहिलं, तर 51 डेसिबल. शांत खोलीत एकच स्वर अखंड असा लागला, तर झोप कशी येणार? मोबाइलच्या एका आकड्यावर लोकांची तक्रार निकालात काढतात, याचा मला खरोखर राग येतो.

मग टेप काढली. उशाच्या भिंतीपासून पायथ्याच्या भिंतीपर्यंत सव्वाअकरा फूट. थंडीत ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर 100 हर्ट्झची तरंगलांबी 3.43 मीटर. म्हणजे सव्वाअकरा फूटच! पूर्ण एक लाट खोलीत नेमकी बसत होती. अशी लाट भिंतीवर आपटून परतते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि जागच्या जागी थरथरत राहते. तिला स्थिर तरंग म्हणतात. निस्पंदापाशी, म्हणजे या तरंगातल्या स्थिर जागांपाशी, हवा हलत नाही हे शाळेत शिकवतात. त्यामुळे तिथे आवाज नसेल असं वाटतं, पण असतं उलट. भिंतीला टेकलेली हवा हलू शकत नाही, म्हणून तिथे दाब सर्वांत जास्त वर-खाली होतो, आणि कानाचा पडदा ओळखतो तो दाब. ऑगस्ट कुंट यांनी 1866 मध्ये काचेच्या नळीत बारीक भुकटी टाकून हे डोळ्यांना दाखवलं. हवा स्थिर असते तिथे भुकटीचे ढीग साठतात. आजींची उशी अशाच एका ढिगाच्या जागी होती, पंखा दुसऱ्या. भिंतीपासून पाव लाटेवर, म्हणजे 2 फूट 10 इंचांवर, दाब हलत नाही. पायथ्याच्या भिंतीपासून दार किती लांब, तर मुलगा उभा होता तिथपर्यंत 2 फूट 10 इंच. त्याच पट्ट्यात मीटर तिथे 36 दाखवत होता, पंख्याखाली 48.

"तुम्ही जरा आईंच्या उशीवर डोकं टेका," मी म्हटलं. तो आडवा झाला. बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून आईच्या पायाशी बसला. आजी म्हणाल्या, "अरे, तुला तिथून कसं ऐकू येणार होतं."

उशामागची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. साडेदहा वाजून गेले होते, तरी त्यांनी आम्हाला आत घेतलं. दिवाळीत आणलेला, आत ट्रान्सफॉर्मर असलेला इन्व्हर्टर त्याच भिंतीत स्क्रू मारून बसवलेल्या फळीवर होता. इन्व्हर्टर एवढासा, पण सगळी भिंत तबल्याच्या पुडीसारखी त्याच्यासोबत थरथरत होती. तो बंद करताच उशीपाशी आकडा 29 वर आला. शेजारचे काका आजींना हात जोडू लागले. त्यांचा काही दोष नव्हता, त्यांच्या खोलीत टीव्हीपुढे तो कधी जाणवलाच नसेल.

इन्व्हर्टर फळीवरून उतरवून जमिनीवर ठेवला, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दुमडून घातले आणि पुन्हा चालू केला. दारात, पंख्याखाली, पायथ्याशी मोजलं. उशीपाशी मोजायचं राहिलं होतं, पण आजी तोवर तिथे झोपी गेल्या होत्या. अहवालात ती जागा मी रिकामी सोडली.