बर्फाखालचा समुद्र : नोंद तिसरी

लोखंडी गाभा घातला आणि प्रोग्रॅम आडवा झाला. बर्फ, खारा समुद्र आणि खडक एवढंच असेपर्यंत गुरूच्या युरोपा या चंद्राचं मॉडेल गुमान चालत होतं. गाभ्याचा थर जोडला, तर प्रत्येक रकान्यात ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. दोन रात्री नुसते कंस तपासत बसलो.

सूत्र बरोबरच होतं. शिरोलीला आमच्या फाउंड्रीतली इंडक्शन भट्टी 500 हर्ट्झवर चालते, तेव्हा वितळलेल्या लोखंडात करंट कडेच्या जेमतेम अडीच सेंटिमीटरात फिरतो. युरोपावर सूत्र तेच, कॉइलच्या जागी गुरू. त्याचा चुंबकीय अक्ष साधारण 10 अंश कलंडलेला, म्हणून युरोपाला दर 11.23 तासांनी क्षेत्राची एक लाट बसते. तिनं खाऱ्या पाण्यात करंट फिरतो, आणि त्या करंटचं उलटं क्षेत्र यानानं मोजलं की समुद्राचा माग लागतो. 5 सीमेन्स प्रति मीटर वाहकतेच्या खाऱ्या पाण्यात ही संथ लाट 45 किलोमीटर मुरते, लोखंडात शंभरेक मीटरच. म्हणजे 600 किलोमीटरच्या गाभ्यासाठी घातांक 6000 च्या घरात, आणि संगणकाच्या नेहमीच्या आकड्यांचा (डबल प्रिसिजन) दम e च्या 709 व्या घातालाच संपतो. सूत्रातली बेसेल फंक्शन आधीच लहान मापात आणून (स्केल करून) घेतली, सुटलं. एवढं करून समुद्राआडून गाभा दिसतो नखाएवढा. असो.

भट्टीवरच्या मामांना कागदावर वर्तुळं काढून दाखवली. म्हणाले, “समुद्र हाय कळलं. पर खोल किती ते कसं कळायचं रं?”

नेमकं तिथंच अडलंय. 20 किलोमीटर बर्फाखाली 10 किलोमीटरचा समुद्र घातला, मग 30 चा. 11 तासांच्या लाटेला दोघांचा प्रतिसाद (1 म्हणजे पुरेपूर) 0.94 च्या आसपास! फेज, म्हणजे प्रतिसाद लाटेच्या किती मागं राहतो ते, 11 आणि 4 अंश अशी वेगळी येते खरी, पण भोवतालच्या प्लाझ्माच्या (विद्युतभारित कणांच्या) गोंधळात त्यावर किती विसंबायचं? युरोपाच्या प्रदक्षिणेची 85.2 तासांची लाट लावली, तेव्हा कुठं फारकत झाली: एक 0.5 च्या जरा वर, दुसरा 0.8 च्या पुढं. ही लाट मुळात फार दुबळी, गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाच्या धावत्या भेटींत ती सापडणं कठीणच. ऑक्टोबर 2024 ला निघालेलं युरोपा क्लिपर यान जवळपास 50 वेळा शेजारून जाणार आहे, माझी भिस्त त्यावर.

तोवर 3 जानेवारी 2000 ची गॅलिलिओची फेरी घेतलीय. तिथं समुद्रातल्या करंटनं तयार झालेला (प्रेरित) चुंबकीय ध्रुव आधीच्या फेऱ्यांच्या उलट यायला पाहिजे. माझ्याकडं अजून सुलटाच येतोय. कुणाला चिन्हाचा घोळ दिसला तर सांगा.